सांदवाडीतील ससा आणि आपण

या स्मरणिकेत वसतिशाळेच्या वाटचालीविषयी, माजी विद्यार्थ्यांच्या कर्तृत्वाविषयी आणि दानशूरांच्या औदार्याविषयी इतरत्र पुष्कळ लिहिले गेले आहे. संपादक मंडळाने आमच्याकडे सोपविलेला विषय त्या मानाने लहान आहे. मुलांच्या वसतिगृहामागे, स्वयंपाकघर ओलांडून गेल्यावर सुमारे पाऊण एकराची जी जागा आहे, जिला आपण सर्वजण ‘सांदवाडी’ म्हणत आलो, तेथे राहणाऱ्या जीवांची ओळख करून द्यावी, असे आम्हास सांगण्यात आले. आमचा विषय इतिहास, प्राणिशास्त्र नव्हे. परंतु या आवारात सव्वीस वर्षे वास्तव्य केल्यामुळे, आणि ज्या प्रसंगाची नोंद कोठेतरी व्हावयास हवी होती तो प्रसंग आमच्याच हातून घडल्यामुळे, हे काम आम्ही स्वीकारले.

शाळा सुरू झाली तेव्हा ही जागा गावाबाहेरचा माळ होती. आज तिच्या तीन बाजूंना ले-आऊट पडले आहेत आणि चौथ्या बाजूने बायपास गेला आहे. माळावरचे कुसळी गवत, बोरीची झाळ, तरवड, रुई आणि चार पळस एवढेच काय ते आपल्या कुंपणाच्या आत उरले. बाहेरची जागा संपत गेली तसतसे तेथील जीव आत सरकले. म्हणूनच नवागत पाहुण्यास आश्चर्य वाटते की, ज्या ठिकाणाहून रात्री ट्रकांचे भोंगे ऐकू येतात त्याच ठिकाणी पहाटे ससा कसा दिसतो. ही स्थिती आपल्या एकट्यांची नाही. आपले अनेक माजी विद्यार्थी आज नागपूर, अमरावती, चंद्रपूर अशा शहरांच्या कडेला घरे बांधून राहतात. त्यांच्या घरामागेही हातभर सांदवाडी असते आणि शेजारी एखादा न विकला गेलेला प्लॉट असतो. त्यांनाही या लेखाचा उपयोग व्हावा, अशी इच्छा आहे.

ससा कोणता?

‘ससा’ हा शब्द उच्चारला की मुलांच्या डोळ्यांसमोर पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा, पिंजऱ्यात गाजर खाणारा प्राणी उभा राहतो. तो आपल्या सांदवाडीतील ससा नव्हे. पिंजऱ्यातील पाळीव ससा हा मूळच्या युरोपीय सशाचा वंशज आहे. आपल्या माळावरचा रानससा ही निराळी जात आहे. तिचे शास्त्रीय नाव लेपस नायग्रिकॉलिस, म्हणजे ‘काळ्या मानेचा ससा’. रंग मातकट तपकिरी, त्यात काळे केस मिसळलेले, पोट पांढरे, आणि मानेच्या मागच्या बाजूस काळसर डाग. मराठीत दोघांनाही एकच नाव असल्यामुळे ते एकच आहेत असा समज होतो. प्रत्यक्षात पाळीव सशाच्या पेशीत ४४ गुणसूत्रे असतात, तर रानसशाच्या पेशीत ४८. दोघांपासून संकरित संतती होत नाही.

दोघांच्या राहणीतील फरक तर याहून महत्त्वाचा आहे. युरोपीय ससा जमिनीत बिळे खोदून कळपाने राहतो. रानससा बीळ खोदत नाही. तो गवतात किंवा झुडपाच्या मुळाशी आपल्या शरीराएवढा उथळ खळगा करतो आणि दिवसभर त्यात अंग चोरून बसतो. पाठीमागचे गवत आणि त्याची पाठ यांत फरक करता येत नाही. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे मान न वळविताही त्याला जवळजवळ सर्व दिशांचे दिसते. आपण चार पावलांवरून गेलो तरी तो हलत नाही. दोन पावलांवर आलो की मात्र एकदम उसळून नागमोडी धावतो. लांब कानांचा उपयोग केवळ ऐकण्यासाठी नसतो. त्यांतील रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून शरीरातील उष्णता बाहेर टाकली जाते, म्हणूनच विदर्भातील उन्हाळा तो सोसू शकतो.

पाळीव मादीची पिले सुमारे एक महिन्यात जन्मतात. ती उघडी, आंधळी आणि बिळातील ऊबेवर अवलंबून असतात. रानसशाचा गर्भकाळ याहून दीर्घ, साधारणतः दीड महिन्याचा असतो. त्याची पिले जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात आणि थोड्याच वेळात हालचाल करू लागतात. बीळ नसल्यामुळे त्यांचे रक्षण दोनच गोष्टींनी होते. पहिली म्हणजे त्यांची निश्चलता, आणि दुसरी म्हणजे आईचे दूर राहणे. आई सतत जवळ राहिली तर तिच्या वासाने आणि हालचालीने कुत्र्याला, मुंगसाला जागेचा सुगावा लागेल. म्हणून ती पिलांना गवतात ठेवून दिवसभर दूर असते; अंधार पडल्यावर येते, काही मिनिटे पाजते आणि पुन्हा निघून जाते. रानसशाचे दूध अतिशय स्निग्ध असते, त्यामुळे तेवढे पाजणे पिलांना पुरते. गवतात एकटे बसलेले पिलू म्हणूनच बहुधा पोरके नसते. हे वाक्य आम्ही आज सहज लिहीत आहोत. ते शिकण्यासाठी काय मोल पडले, ते पुढे सांगतो.

एका पिलाचा मृत्यू

आठ वर्षांपूर्वीच्या श्रावणातील गोष्ट. श्रमदानाच्या तासाला सातवीची मुले सांदवाडीत गाजरगवत उपटत होती. एका मुलाला गवतात मुठीएवढे पिलू दिसले. क्षणार्धात साठ मुलांचा घोळका जमला. पिलू हलत नव्हते. डोळे मात्र टक्क उघडे होते. मुलांना वाटले, आईने टाकले. आम्हासही तसेच वाटले. आम्ही ते रुमालात उचलून घेतले.

घोळक्याच्या मागे पारधी समाजातील एक विद्यार्थी उभा होता. त्याच वर्षी शाळेत आलेला, फारसे न बोलणारा. तो पुढे येऊन म्हणाला, “सर, ते हरवलं नाही जी. माय येते त्याची, अंधार पडल्यावर. जिथं होतं तिथं ठेवा.” आम्ही त्याच्याकडे पाहिले, पण ऐकले नाही. तेवढ्यात घोळक्यातून कोणीतरी म्हणाले, “याले ससे खायाचंच माहीत.” मुले हसली. आम्ही ते वाक्य ऐकले आणि त्यावर काहीही न बोलता पिलू घेऊन कार्यालयाकडे निघालो.

पुठ्ठ्याच्या खोक्यात कापूस अंथरला. स्वयंपाकघरातून गाईचे दूध आणले, कोमट केले आणि शाईच्या ड्रॉपरने पिलाच्या तोंडात सोडले. मुलांनी आळीपाळीने पहारा दिला. कोणी त्याला कुरवाळले, कोणी नाव ठेवले. तिसऱ्या दिवशी सकाळी पिलू मेलेले आढळले. पुढे पशुवैद्यकांना विचारले असता त्यांनी दोन कारणे सांगितली. गाईचे दूध सशाच्या पिलाला पचत नाही. त्याने पोट बिघडते. आणि ड्रॉपरने दूध पाजताना ते श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसात उतरण्याचा मोठा धोका असतो. त्याखेरीज भीती हे तिसरे कारण होतेच. रानसशाला माणसाचा स्पर्श माया वाटत नाही. तो त्याला पकडले जाणे वाटतो.

त्या संध्याकाळी तो विद्यार्थी कार्यालयाच्या दाराशी आला. आम्हाला वाटले, दोष द्यावयास आला असेल. तो म्हणाला, “दुसरं आहे सर, दाखवतो.” पिलू सापडले होते त्या जागेपासून दहा-बारा पावलांवर, बोरीच्या झाळीखाली, दुसरे पिलू होते. साठ मुलांना आणि आम्हाला ते दिसले नव्हते. त्याला पहिल्याच दिवशी दिसले होते, आणि त्याने ते कोणास सांगितले नव्हते. का सांगितले नव्हते, हे आता आम्हास विचारण्याची गरज नव्हती. त्याने आम्हाला स्वयंपाकघराच्या मागच्या ओट्यावर बसविले. वारा आमच्याकडून झाळीकडे जात नाही ना, हे हाताने धूळ उडवून पाहिले. दिवेलागणीनंतर बराच वेळ काही झाले नाही. मग गवताच्या कडेने एक काळी आकृती थांबत थांबत आली, झाळीपाशी पोचली आणि पाच-सात मिनिटांनी आल्या वाटेने निघून गेली. त्याने एवढेच म्हटले, “आली.”

आम्ही एम.ए.पर्यंत शिकलो, बत्तीस वर्षे शिकविले. त्या दिवशी त्या आवारात त्या प्राण्याविषयी सर्वांत अधिक ज्ञान एका बारा वर्षांच्या मुलाजवळ होते, आणि ते ज्ञान त्याच्या आजोबांकडून आले होते.

ज्ञान कोणाचे, गुन्हा कोणाचा?

येथे इतिहासाच्या शिक्षकाने चार शब्द बोलणे प्राप्त आहे. फासे लावून तित्तर, लाव्हे, ससे धरणे हा पारधी समाजाच्या पोटाचा उद्योग होता. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि त्या कायद्याखाली अशा अनेक समाजांवर जन्मतःच गुन्हेगार असल्याचा शिक्का बसला. तो कायदा रद्द होऊन ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हे समाज विमुक्त झाले. याच काळात संस्थानिक आणि साहेब लोक मारलेल्या जनावरावर पाय ठेवून छायाचित्रे काढून घेत होते. त्यांना कोणी गुन्हेगार म्हटले नाही. पोटासाठी एक ससा धरणारा गुन्हेगार आणि हौसेसाठी शंभर जनावरे मारणारा पराक्रमी, असा तो न्याय होता.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसेची चर्चा करताना हत्येची इच्छा आणि हत्येची गरज यांत भेद केला आहे. हा भेद ध्यानात घेतला म्हणजे हौसेची शिकार आणि भुकेची शिकार एका मापाने मोजता येत नाही, हे स्पष्ट होते. आज कायदा स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये रानससा मारणे, पकडणे किंवा पाळणे हा अपराध आहे, आणि तो पाळलाच पाहिजे. परंतु कायदा पाळण्याचा उपदेश करताना ज्यांची उपजीविका गेली त्यांना आपण पर्यायी काय दिले, हा प्रश्नही विचारला पाहिजे. आपली वसतिशाळा हे त्या प्रश्नाचे एक छोटे उत्तर आहे. मात्र त्या मुलांना शाळेत आणून त्यांच्या घरचे ज्ञान दाराबाहेर ठेवावयास लावले, तर ते उत्तर अपुरे ठरते.

इतर सहनिवासी

सशाखेरीज सांदवाडीत कोण राहते, याची नोंदवही त्या वर्षापासून मुले ठेवत आहेत. तिच्यातील काहींचा परिचय येथे देतो.

निंबावरच्या खारी सर्वांच्या ओळखीच्या आहेत. त्यांच्या पाठीवरचे पट्टे मोजावेत. दक्षिणेकडील खारीच्या पाठीवर तीन पट्टे असतात, उत्तरेकडील खारीच्या पाठीवर पाच. सातभाई हे मातकट रंगाचे पक्षी नेहमी थव्याने हिंडतात आणि पालापाचोळा उलटून किडे वेचतात. साप किंवा मुंगूस दिसले की ते एकत्र येऊन मोठा कलकलाट करतात. सांदवाडीत काही वावगे आहे हे आम्हाला बहुधा त्यांच्याकडूनच कळते. शिंपी पक्षी रुंद पानाच्या कडा चोचीने भोके पाडून कापसाच्या तंतूंनी शिवतो आणि त्या पिशवीत घरटे करतो. टिटवी मात्र घरटे बांधतच नाही. उघड्या जमिनीवर खड्यांत खड्यांच्या रंगाची अंडी घालते. श्रमदानाच्या वेळी पाऊल जपून टाकावे, हा नियम तिच्यामुळे झाला.

पाण्याच्या जुन्या टाकीच्या कोनाड्यात गव्हाणी घुबडाची जोडी आहे. घुबड उंदीर शक्यतो अखंड गिळते आणि न पचलेली हाडे व केस यांची गोळी करून तोंडावाटे टाकते. मुलांनी अशा गोळ्या पाण्यात भिजवून सोडविल्या आणि त्यांतील उंदरांच्या कवट्या मोजल्या. एका गोळीत दोन-तीन कवट्या सहज निघतात. आपल्या धान्याच्या कोठीचा हा रात्रपाळीचा पहारेकरी आहे, हे त्यातून मुलांना कोणी न सांगता समजले. म्हणूनच कोठीत उंदराचे विष ठेवणे आपण बंद केले. विष खाल्लेला उंदीर घुबडाने खाल्ला तर तेही मरते. आता कोठीला पत्र्याचे दार आणि पिंजरे आहेत.

याच ठिकाणी अंधश्रद्धेविषयी बोलावे लागते. पिंगळा ओरडला म्हणजे घरात कोणी मरते आणि भारद्वाज दिसला म्हणजे दिवस चांगला जातो, असे मुले घरून ऐकून येतात. पिंगळा आपल्या जोडीदाराला साद घालतो. भारद्वाज गोगलगाई आणि किडे शोधतो. पिंगळ्याच्या ओरडण्याने कोणी मेले नाही आणि भारद्वाजाच्या दर्शनाने कोणी गणितात उत्तीर्ण झाले नाही, हे नोंदवहीतील तारखा आणि निकालपत्रक शेजारी ठेवून मुलांनी स्वतःच पाहिले. सापाला दूध पाजण्याचेही तसेच. साप दूध पिणारा प्राणी नाही. सांदवाडीत आढळणारी धामण बिनविषारी असून तिचे मुख्य भक्ष्य उंदीर आणि बेडूक आहेत.

मात्र सापांविषयी लिहिताना आम्ही कोणाची दिशाभूल करू इच्छित नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप महाराष्ट्रात आहेत, आणि येथे दोनशे मुले राहतात. म्हणून वसतिगृहाच्या भिंतीपासून तीस फुटांपर्यंतची जागा नेहमी साफ असते. तेथे विटा, लाकडे, पालापाचोळा साचू दिला जात नाही. रात्री बाहेर पडताना पायात बूट आणि हातात टॉर्च सक्तीचा आहे. साप दिसला तर त्याला मारावयाचे नाही, जवळ जावयाचे नाही. शिक्षकांना सांगावयाचे आणि ते सर्पमित्राला बोलावतात. दंश झाल्यास मांत्रिकाकडे न जाता तत्काळ रुग्णालयात न्यावयाचे. प्रतिविष हाच त्यावर उपाय आहे. जीवसृष्टीवर प्रेम करणे म्हणजे मुलांच्या जिवाशी खेळणे नव्हे. कोणती जागा कोणाची, एवढे ठरवून घेतले की दोघेही सुरक्षित राहतात.

परंपरेतील दाखले

मनुष्यवस्तीच्या शेजारी इतर जीवांना जागा ठेवणे ही कल्पना आजची नाही. राजगृहाजवळचे वेळुवन बिंबिसार राजाने भगवान बुद्धांना दान दिले. पाली ग्रंथांत त्यातील एका भागास ‘कलंदकनिवाप’ म्हटले आहे. खारींना खाऊ घालण्याची जागा, असा त्याचा अर्थ परंपरा सांगते. म्हणजे संघाच्या पहिल्या विहाराच्या नावातच खारींचा वाटा नोंदलेला आहे.

सम्राट अशोकाने राज्याभिषेकास २६ वर्षे झाल्यावर जो पाचवा स्तंभलेख कोरविला, त्यात अवध्य प्राण्यांची यादी आहे. पोपट, साळुंकी, हंस, वटवाघूळ अशी ओळखीची नावे तिच्यात आढळतात. त्याच लेखात दोन आज्ञा अशा आहेत की, त्या वाचताना आम्हाला आपल्या सांदवाडीची आठवण होते: ज्या भुशात जीव आहेत तो जाळू नये, आणि विनाकारण किंवा जीवहत्येसाठी रानाला आग लावू नये. या बाबतीत विदर्भाचाही स्वतःचा दाखला आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील देवटेक येथे सापडलेल्या ब्राह्मी शिलालेखात प्राण्यांना पकडण्यास व मारण्यास मनाई केलेली आहे. डॉ. वा. वि. मिराशी यांनी त्याचा संबंध अशोकाच्या धर्ममहामात्राशी जोडला. ती शिळा नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहे. सहलीला जाणाऱ्या वर्गांनी ती अवश्य पाहावी.

सशाची जातककथा तर प्रत्येक मुलास ठाऊक असते. याचकाला देण्याजोगे काही नाही म्हणून ससा स्वतः अग्नीत उडी घेतो, अशी ती कथा. पूर्वी आम्ही ती त्यागाचा आदर्श म्हणून शिकवीत असू. त्या श्रावणानंतर ती शिकविताना आम्ही एक वाक्य अधिक बोलतो. कथेतील सशाने स्वतः दान दिले होते; आमच्या हातातील पिलाने काहीच दिले नव्हते, त्याच्याकडून ते घेतले गेले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याची आणि त्यांचा सांभाळ करण्याची प्रतिज्ञा आहे. ती आम्ही दरवर्षी म्हणतो. पिलू उचलताना आमच्या मनात दयाच होती. परंतु प्रज्ञा, शील आणि करुणा या तिन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या जातात, त्याचे कारण आम्हाला त्या दिवशी समजले. प्रज्ञा नसलेल्या करुणेनेच ते पिलू मेले.

घरामागे काय करावे?

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. ज्यांच्या घरामागे थोडीही मोकळी जागा आहे, त्यांना त्या आचरणात आणता येतील.

जागेचा एक कोपरा, घरापासून दूरचा, झाडू न मारता तसाच ठेवावा. त्यात देशी गवत आणि एखादे बोरीचे, करवंदीचे किंवा तरवडाचे झुडूप असू द्यावे. गाजरगवत मात्र फुलण्यापूर्वी उपटावे. उपटताना हातमोजे घालावेत, कारण त्याने त्वचेला आणि श्वासाला त्रास होतो.

पालापाचोळा आणि वाळलेले गवत जाळू नये. आग लागली की मोठा ससा पळतो. पण पिलू पळत नाही. निश्चल बसणे हाच त्याचा बचाव असल्यामुळे ते बसल्या जागी जळते. पाचोळ्याचे खत करावे.

भिंतीच्या कुंपणात तळाशी वीतभर उंचीची दोन-तीन भोके ठेवावीत. चहूबाजूंनी बंद जागेत शिरलेला ससा बाहेर पडू शकत नाही आणि कुत्र्यांच्या तावडीत सापडतो. ले-आऊटमधील सशांचा सर्वांत मोठा शत्रू कोल्हा किंवा साप नसून मोकाट कुत्री आहेत, आणि ती आपणच टाकलेल्या उष्ट्या अन्नावर वाढतात. वसतिगृहाचे उष्टे झाकणाच्या टाकीत जाऊ लागल्यापासून सांदवाडीतील कुत्र्यांची ये-जा बरीच घटली.

उन्हाळ्यात मातीच्या उथळ परळात पाणी ठेवावे, मधोमध एक दगड ठेवावा म्हणजे पडलेला कीटक किंवा पिलू त्यावर चढू शकेल, आणि परळ दररोज घासावा. सशाला मात्र खाऊ घालू नये. बिस्किटे आणि पोळी त्याला अपायकारक आहेत, आणि माणसाची सवय झालेला ससा कुत्र्याचीही भीती विसरतो. त्याचे अन्न गवत आहे; ते त्याला आपण न दिलेलेच बरे. तो भाजीच्या वाफ्यात शिरत असेल तर वाफ्याभोवती दोन फूट उंच जाळी लावावी. हरभऱ्याचे आणि भुईमुगाचे कोंब त्याला फार आवडतात, ही त्याची चोरी नव्हे.

ससा पाहण्याची वेळ पहाटेची किंवा दिवेलागणीनंतरची. एका जागी अर्धा तास न बोलता बसावे. प्रत्यक्ष दिसला नाही तरी खुणा दिसतात: हरभऱ्याएवढ्या गोल, कोरड्या लेंड्या, गवताची तिरपी, स्वच्छ कापलेली टोके, आणि ओल्या मातीवरील ठसे. धावताना सशाचे मागचे लांब पाय पुढच्या पायांच्या पुढे पडतात, त्यामुळे ठशांवरून नवशिका माणूस त्याची दिशा नेमकी उलटी सांगतो. पिलू दिसल्यास हात लावू नये, घोळका करू नये, कुत्री हाकलावीत आणि दूर जावे. जखमी असेल तरच वनविभागास कळवावे.

यंदाचा प्रश्न

या वर्षीच्या महोत्सवाच्या तयारीच्या बैठकीत एक सूचना आली. सांदवाडी साफ करून, तेथे फरशा बसवून कायमचा कार्यक्रममंच उभारावा, म्हणजे जागेचा सदुपयोग होईल. सूचना देणाऱ्यांचा हेतू चांगला होता. मंचाची गरज खरी आहे. पावसात मुलांना कार्यक्रमासाठी जागा नसते. आम्ही बैठकीत नोंदवहीचे आठ वर्षांचे भाग टेबलावर ठेवले. फारसे बोललो नाही. ते भाग हातोहात फिरले. शेवटी असे ठरले की, मंच पुढच्या मैदानाच्या कडेला, थोडा लहान असा बांधावा. सांदवाडी आहे तशी राहावी. निर्णय सर्वानुमते झाला असे म्हणता येणार नाही, आणि पुढील वर्षी हा विषय पुन्हा येईल, हेही आम्ही जाणतो. ज्या जागेवर काही बांधलेले नाही ती जागा रिकामी आहे, असे आपल्याला वाटते. आपल्या पूर्वजांनाही गावकुसाबाहेर ज्या जागा मिळाल्या, त्या इतरांच्या दृष्टीने रिकाम्याच होत्या.

लेख संपविण्यापूर्वी एक ऋण राहिले आहे. नोंदवहीच्या पहिल्या पानांवरील अक्षर त्या पारधी विद्यार्थ्याचे आहे. दहावीनंतर तो कामासाठी बाहेरगावी गेला; त्याचा पत्ता आमच्यापाशी नाही. त्या श्रावणातील दुपारी घोळक्यातून जे वाक्य आले, त्याला त्याच वेळी, सर्व मुलांसमोर उत्तर देणे हे शिक्षक म्हणून आमचे कर्तव्य होते. ते आम्ही केले नाही. दुसऱ्या दिवशीही केले नाही. त्याच्या हाती नोंदवही दिली, त्याला पुढच्या बाकावर बसविले, परंतु चूक झाली असे तोंडाने म्हटले नाही. ही स्मरणिका हातोहात फिरते. कदाचित त्याच्यापर्यंतही जाईल. म्हणून येथे, ज्यांच्यासमोर म्हणावयास हवे होते त्या सर्वांसमोर म्हणतो: त्या दिवशी तू बरोबर होतास आणि आम्ही चुकलो होतो.

बोरीची झाळ अजून जागेवर आहे. गेल्या पावसाळ्यात तिच्याखाली पुन्हा पिले दिसली. सहावीच्या मुलांनी ती पाहिली, नोंदवहीत तारीख आणि वेळ लिहिली, आणि मागच्या मागे पाय न वाजवता परत आली. कोणीही हात लावला नाही.